पद आणि गद्य यांमधली जागा

संगीत नाटकात पद सुरू होण्याआधी नटाच्या तोंडी जे शेवटचे गद्य वाक्य असते, त्याची तालीम आमच्या बाई पदाच्या तालमीपेक्षाही कसून घेत. पद कच्चे असेल तर ते बसवता येते, पण वाक्यातून पदात शिरताना सांधा दिसला की प्रेक्षकाच्या लेखी नाटक तिथेच थांबते आणि मैफल सुरू होते, मग समोर सुभद्रा उरत नाही, शालू नेसलेली गायिका उरते, असे त्यांचे म्हणणे होते. ऑर्गनवादक त्या वाक्याखाली हळूच षड्ज, म्हणजे ‘सा’, धरतो. प्रेक्षकाला तो बहुधा जाणवतही नाही, पण नटाला तो ऐकू यावा लागतो आणि वाक्याचा शेवटचा शब्द त्या सुराच्या आसपास अलगद उतरावा लागतो. हे मी पुण्यातल्या तालमींत शिकले. त्याची खरी किंमत मात्र मला पुढे गोरेगावच्या चित्रनगरीत, दूरचित्रवाणी मालिकेच्या सेटवर कळली, जिथे पद नव्हते, ऑर्गन नव्हता आणि समोर माणसांऐवजी कॅमेरे होते.

माझी वाट माझ्या पिढीतल्या अनेकींसारखीच सुरू झाली. लहानपणापासून ख्यालगायकीचे शिक्षण, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, आणि मग महाविद्यालयात असताना सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या संगीत नाट्य स्पर्धेसाठी एका हौशी संस्थेने ‘संगीत सौभद्र’मध्ये दिलेली कुसुमावतीची भूमिका. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८२ साली, ‘सौभद्र’. इतकी वर्षे प्रयोग होत आलेले नाटक करताना नटाला मोठा आधार मिळतो. पदाच्या चाली, त्यांतल्या जागा, प्रेक्षक कुठे मान डोलावणार आणि कुठे हसणार, हे सारे आधीच्या पिढ्यांनी घासूनपुसून ठेवलेले असते. आपले म्हणून जे काही घालायचे, ते त्या ठरलेल्या चौकटीत बसवायचे असते आणि ते बसले की नाही हे सांगायला पहिल्या रांगेत एखादे आजोबा असतातच. कुसुमावतीनंतर काही वर्षांनी माझ्याकडे सुभद्रा आली, त्यापाठोपाठ ‘संशयकल्लोळ’मधली रेवती आली, आणि मी स्वतःला व्यावसायिक गायिका-अभिनेत्री म्हणू लागले.

सुभद्रा ही भूमिका बाहेरून दिसते तितकी सरळ नाही. बलरामदादाने दुर्योधनाशी लग्न ठरवले आहे, मन अर्जुनावर आहे, कृष्ण सगळे जाणून आहे पण काही सांगत नाही, आणि ज्या यतीची सेवा करायची तोच अर्जुन आहे हे तिला ठाऊक नाही. नाटकभर ती अर्धवट माहितीवर जगते. प्रेक्षकांना मात्र सारे माहीत असते. त्यामुळे तिचे दुःख पाहताना प्रेक्षक सुखात असतो, आणि तरीही ते दुःख नटीला खरेच वाटावे लागते. त्यात पद सुरू झाले की एकच भावना पाच-सात मिनिटे धरून ठेवायची असते. गद्यात दोन वाक्यांत जे सांगून झाले असते, ते पदात पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या स्वरांनी सांगायचे, आणि वन्समोअर आला तर त्याच उत्कटतेने नव्याने सांगायचे. काळ पूर्णपणे गाणाऱ्याच्या हातात असतो. तबलजी आणि ऑर्गनवादक आपल्यामागून येतात, सहकलाकार थांबतात, प्रेक्षक थांबतात. किती ताणायचे आणि कुठे सोडायचे याचा विवेक हीच त्या कलेतली सर्वांत अवघड गोष्ट आहे, असे मला आजही वाटते.

या कामावर घर चालत नाही, हे मात्र कोणालाही सांगावे लागत नाही. व्यावसायिक रंगभूमीवर नटाला प्रयोगामागे नाइट, म्हणजे त्या एका प्रयोगाचे मानधन, मिळते. गद्य नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना जोडून लागतात, तर संगीत नाटकाचे त्याहूनही विरळ. पात्रांची संख्या मोठी, भरजरी कपडेपट, दागिने, आणि त्यावर साथीदारांचे मानधन, असा खर्च असल्यामुळे निर्माता हात आखडता घेतो आणि ठेकेदार तारीख घेताना दहादा विचार करतो. मी घरी गाण्याच्या शिकवण्या घेत होते, नाट्यसंगीताचे कार्यक्रम करत होते, कोणाच्या षष्ट्यब्दीला, कोणाच्या पुस्तक प्रकाशनाला गात होते. या सगळ्यात अपमानास्पद काही नव्हते, पण भूमिका करण्याचे काम हळूहळू आयुष्याच्या कडेला सरकत होते आणि ते मला सहन होत नव्हते.

मालिकेचे बोलावणे आले ते एका भजन गाणाऱ्या आत्येच्या भूमिकेसाठी. कास्टिंग करणाऱ्या मुलीने माझा रेवतीचा प्रयोग पाहिला होता. आधी मोबाइलवर स्वतः चित्रित करून पाठवायची ऑडिशन, मग कार्यालयात बोलावून दुसरी, मग लूक टेस्ट, मग मुख्य कलाकारांबरोबर एक मॉक शूट, आणि या प्रत्येक टप्प्यावर वाहिनीच्या मंडळींचा होकार, अशी ती प्रक्रिया बरेच दिवस चालली. नाटकात दिग्दर्शकाने निवडले की निवडले. इथे चेहरा, आवाज, वय, नायिकेशेजारी उभे राहिल्यावर दिसणारी उंची, सगळ्याचा वेगवेगळ्या माणसांनी विचार केलेला असतो. मला त्यात काही वावगे वाटले नाही. वर्षानुवर्षे रोज लोकांच्या घरात दिसायचे असेल, तर निवड करणाऱ्याने इतकी काळजी घ्यावी हे योग्यच आहे.

नाटकातून आलेल्या माणसाला ‘कमी करा’ असे सांगितले जाते, ही ऐकीव गोष्ट मला ठाऊक होती आणि त्याप्रमाणे मी हातवारे आणि आवाज आवरून गेले होते. पण नेमके काय कमी करायचे हे मला दिग्दर्शकाने सांगितले नाही. ते मला ध्वनिमुद्रण करणाऱ्या दादांनी सांगितले. पदराच्या आत, गळ्यापासून चार बोटांवर त्यांनी लेपल माईक लावला होता. पहिला प्रवेश झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. प्रत्येक वाक्याआधी माझा श्वास ऐकू येत होता, भरपूर, खोल, छाती भरून घेतलेला गायिकेचा श्वास. रंगमंचावर तो कोणाला ऐकू जात नाही, कारण तिथला माईक पायाशी किंवा डोक्यावर लांब असतो. इथे मात्र दोन शब्दांचे वाक्य बोलण्याआधीसुद्धा मी जणू तान घेणार आहे असे वाटत होते. चेहऱ्यावरही तेच दिसत होते. खांदे किंचित उचलले जात होते, मान ताठ होत होती आणि समोरच्याला उत्तर देण्याआधीच मी उत्तर देणार आहे हे कॅमेऱ्याला कळत होते. ‘ताई, तुमचं वाक्य छान आहे, पण ते वाक्याच्या आधीच सुरू होतंय,’ असे दादा म्हणाले.

त्यावर उपाय शोधताना मला बाईंची तालीम आठवली. पदाआधीचा श्वास वाक्य संपल्यावर घेतला तर सांधा दिसतो. तो वाक्याच्या आतच, एखाद्या स्वल्पविरामावर चोरून घ्यावा लागतो, हे मी वर्षानुवर्षे करत आले होते. मालिकेत मी तोच श्वास आणखी मागे नेला, समोरच्या नटाच्या वाक्यात. तो बोलत असताना, त्याच्या बोलण्यातल्या ज्या शब्दाने माझ्या पात्राला काहीतरी होणार आहे, त्या शब्दावर मी श्वास घेऊ लागले. याचा परिणाम मी अपेक्षिला होता त्याहून मोठा झाला. तो शब्द पकडायचा तर समोरच्याचे बोलणे खरेच ऐकावे लागते, आणि मालिकेच्या कॅमेऱ्याला सर्वांत जास्त हवे असते ते ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा. संकलकाकडे गेल्यावर निम्मी दृश्ये बोलणाऱ्यावर नसतात, ऐकणाऱ्यावर असतात. ऑर्गन षड्ज देत असे, तसे समोरच्याचे वाक्य मला सूर देऊ लागले. मग माझे वाक्य किती मोठ्याने किंवा किती हळू म्हणायचे हे मला ठरवावे लागत नव्हते. ते आपोआप त्या सुराला लागून येत होते.

लयीची गोष्ट याहून अवघड होती. नाटकातला प्रवेश पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत एका दमात होतो. मालिकेत आधी मास्टर घेतात, म्हणजे सगळा प्रवेश एका रुंद चौकटीत, मग दोघांचा टू शॉट, मग एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचे सजेशन, मग जवळून चेहऱ्याचा क्लोज. जिथे कॅमेरे एकाहून अधिक असतात तिथे काही फेऱ्या वाचतात, पण तेच संवाद पुन्हा पुन्हा म्हणावे लागतात हे सुटत नाही. मास्टरमध्ये ज्या शब्दावर मी चहाचा कप खाली ठेवला, त्याच शब्दावर तो क्लोजमध्येही ठेवला पाहिजे, आणि मधले थांबेही तितकेच राहिले पाहिजेत, नाहीतर संकलनात तुकडे जुळत नाहीत. दुपारच्या जेवणानंतर, प्रकाशयोजना बदलून झाल्यावर, सकाळच्या वाक्याचे वजन आणि गती जशीच्या तशी परत आणणे हे नव्या नटांना फार जड जाते. मला ते जड गेले नाही, आणि त्याचे सारे श्रेय गाण्याच्या शिक्षणाला आहे. बंदिश पाठ करताना शब्द आणि स्वर यांच्याबरोबर सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, तीही पाठ होते. मुखडा कुठून उचलायचा आणि कोणत्या अक्षरावर सम येते हे अंगात भिनलेले असते. मी संवादांच्या कागदावर प्रत्येक वाक्यात सम शोधू लागले, म्हणजे ज्या शब्दावर ते वाक्य येऊन पडते तो शब्द. त्याखाली एक रेघ मारली की मग कप, वळणे, पदर, नजर सगळे त्या रेघेशी बांधता येते. कंटिन्युइटी सांभाळणारी साहाय्यक मुलगी माझ्या क्लोजच्या वेळी पुढे पुढे विचारायलाही येईनाशी झाली.

संवाद हातात येतात ते मात्र बहुतेक वेळा त्याच दिवशी, कधी मेकअप चालू असताना, कधी त्याहूनही उशिरा. आदल्या रात्री कागद आला तर तो दिवस सुखाचा. अर्ध्या तासाच्या वेळेसाठी जाहिराती वगळता साधारण बावीस मिनिटांचा भाग लागतो, आणि रोज एक भाग प्रक्षेपित होत असेल, तर रोज तितके काम हातावेगळे झालेच पाहिजे. हाताशी आधीच तयार झालेल्या भागांची बँक नसेल तर सेटवर सगळ्यांचे चेहरे ताणलेले असतात. शिवाय चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. स्वयंपाकघराचा सेट लागला की चार भागांतले स्वयंपाकघरातले सगळे प्रवेश उरकून घेतात. सकाळी भांडण मिटलेले, दुपारी ते अजून व्हायचे, आणि संध्याकाळी त्याच भांडणाचा मधला तुकडा, असे करावे लागते. ज्यांनी नाटकात एकच भावना चढवत नेण्याची सवय केलेली असते त्यांना हे तुटक वाटते. मला वाटते, पदांच्या स्वतंत्र तालमी केलेल्या माणसाला ते तितके तुटक वाटू नये. आम्ही दुसऱ्या अंकातले पद आधी आणि पहिल्यातले नंतर बसवतच होतो.

खरा फरक वेगळाच आहे आणि तो मला पचायला वेळ लागला. सुभद्रेचा शेवट मला माहीत होता. आत्येचा शेवट कोणालाच माहीत नव्हता, लेखकालासुद्धा. ‘सौभद्र’ची तीच संहिता एकशे चाळीसहून अधिक वर्षे होते आहे. उलट ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भाग चालली आणि त्यातला प्रत्येक भाग एकदाच करायचा होता. दर गुरुवारी कोणती मालिका किती पाहिली गेली याचे बार्क या संस्थेचे आकडे येतात, त्यानुसार कथेचा ट्रॅक लांबतो किंवा आवरता घेतला जातो. पहिले काही महिने माझी आत्या देवभोळी आणि मायाळू होती. मग एका गुरुवारनंतर तिला घरातल्या जमिनीच्या वादात ओढले गेले, आणि बघता बघता ती आपल्याच भाचीविरुद्ध कागदपत्रे लपवू लागली. क्रिएटिव्ह विभागातल्या मुलीला मी विचारले की ही बाई मुळात अशी आहे का तशी. ती प्रामाणिकपणे म्हणाली की ते आपल्याला पुढे कळेल.

तेव्हा मी रागाचा विचार केला. एकाच रागात विलंबित ख्यालही असतो, द्रुत बंदिशही असते, विरहाचे शब्द असतात आणि होळीचेही, पण वादी-संवादी, म्हणजे रागातले मुख्य दोन स्वर, बदलत नाहीत आणि न्यासाचे, म्हणजे येऊन थांबायचे, स्वर ठरलेले असतात. आत्येसाठी मी एक न्यास ठरवला: आपल्याला या घरात कोणी विचारत नाही, ही तिची जुनी सल. ती माया करत होती तेव्हाही याच सलीतून करत होती आणि कागद लपवत होती तेव्हाही याच सलीतून. लेखकाने कोणताही प्रवेश दिला तरी मी त्यात या स्वरावर एकदा तरी येऊन थांबत असे, कधी नजरेने, कधी बोलता बोलता मध्येच गप्प होऊन. पुढे लेखकानेच तो धागा पकडला आणि आत्येच्या तरुणपणाचा एक मोठा प्रसंग लिहिला. मालिकेत नट लेखकाला काही देऊ शकतो हे मला तेव्हा समजले. नाटकात किर्लोस्करांना मी काय देणार होते?

त्याच प्रसंगात आत्येने जात्यावरच्या ओव्या म्हणाव्यात असे ठरले. मालिकांमध्ये गाणे सहसा आधी मुद्रित करून ठेवतात आणि सेटवर ते वाजवून नट ओठ हलवतो. मी प्रत्यक्ष गाईन असा आग्रह धरला. दिग्दर्शकाची हरकत नव्हती, पण ध्वनीच्या दृष्टीने अडचण होती, कारण लेपल माईक बोलण्याच्या पातळीवर बसवलेला असतो आणि आवाज उचलला की फाटतो. दादांनी माझ्यासाठी एक बूम माईक चौकटीच्या वर धरायला लावला, पंखे आणि वातानुकूलन बंद केले, जात्याच्या घरघरीसाठी दगडाखाली कापडाची घडी घातली, आणि मला आधी हलक्या व मग खुल्या आवाजात गाऊन दाखवायला सांगितले. सूर धरायला मी आमच्या नाटकातल्या ऑर्गनवादक काकांना बोलावून घेतले होते. त्यांनी कॅमेऱ्यामागे बसून छोट्या पेटीवर माझी पट्टी एकदा ऐकवली आणि मग हात काढून घेतला, कारण ओवीला साथ शोभली नसती. टेक संपेपर्यंत सगळा सेट निःशब्द होता. काकांचे त्या दिवसाचे मानधन निर्मात्यांनी त्याच संध्याकाळी दिले याचा मला गाण्याइतकाच आनंद झाला.

मी काही पहिली नव्हे. भारती आचरेकर गाण्याच्या घरातून आल्या आणि १९८८ साली दूरदर्शनवरच्या ‘वागले की दुनिया’तून देशभर घराघरांत पोहोचल्या. फैयाज यांनी १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये झरीना उभी केली आणि पुढे चित्रपटांतही कामे केली. त्यांची कामे मी पुन्हा पाहते तेव्हा मला त्यांच्या साध्या बोलण्यातले स्वर ऐकू येतात. वाक्याचा शेवट कधी सपाट पडत नाही, हुंकारालासुद्धा ठिकाण असते.

आता आवाजाबद्दल, कारण या वाटेने जाणाऱ्या गायक नटाने सर्वांत जास्त जपायची गोष्ट हीच आहे. शिफ्ट बारा-तेरा तासांची असते, आणि मढ, मीरा रोड किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवर जाण्यायेण्यात आणखी दोन-चार तास जातात. पहाटेचा खर्जाचा रियाज पहिल्यांदा जातो. त्याहून मोठी हानी मात्र ध्यानात येत नाही अशा रीतीने होते. कॅमेऱ्यासमोर जिव्हाळ्याचे बोलणे म्हणजे खालच्या स्वरात, अर्धवट श्वासावर, कुजबुजल्यासारखे बोलणे, आणि हे दिवसभर चालते. काही महिन्यांनी प्रयोगाच्या वेळी तार षड्जाच्या वर गेले की आवाज पातळ होऊ लागला. तपासणी केल्यावर घशाच्या डॉक्टरांनी सांगितले की स्वरयंत्राला इजा नाही पण थकवा आहे, आणि मोठ्याने गाण्यापेक्षा सततची कुजबुज त्याला जास्त शिणवते. त्यांनी मला एका वाणीउपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवले. त्यांनी माझी बोलण्याची पट्टी मोजली, तर मी माझ्या नैसर्गिक पट्टीपेक्षा बरीच खाली बोलत होते. कॅमेऱ्याला गंभीर वाटावे म्हणून मी ती नकळत उतरवली होती.

तेव्हापासून मी बोलायची पट्टी पुन्हा वर आणली आणि हळू बोलायचे असेल तिथेही आवाजात नाद ठेवला, नुसती हवा ठेवली नाही. दादांनी आपण होऊन माईकची पातळी थोडी वाढवून दिली. सेटवर जाताना गाडीत ओठ मिटून गुणगुणणे, जेवणाच्या सुट्टीत कोणाशीही न बोलणे, दिवसभर कोमट पाणी, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी शक्यतो चित्रीकरण नाही, हे नियम मी आजही पाळते. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी तंबोरा लावून किमान तासभर बसते. त्यात तानांना हात लावत नाही, फक्त मंद्र सप्तकातल्या स्वरांवर ठहराव करते. तार सप्तकातली ताकद परत यायला जवळजवळ वर्ष लागले.

पैशाबद्दलही मोकळेपणाने लिहिले पाहिजे, कारण नाटकातली मुले याबाबत फार अंधारात असतात. मालिकेत मानधन दिवसामागे ठरते. महिन्याला किमान किती दिवस मिळतील हे करारात लिहून घेणे शहाणपणाचे, नाहीतर ट्रॅक दुसरीकडे वळला की महिनाभर बोलावणे येत नाही. रक्कम हाती येते ती साधारण नव्वद दिवसांनी, आणि त्यातून दहा टक्के उद्गम कर (टीडीएस) कापलेला असतो. म्हणजे पहिले तीन महिने काम करायचे ते शिलकीवर. एका निर्मितीसंस्थेकडून मालिका बंद झाल्यानंतरचे माझे शेवटचे पैसे फार उशिरा आले, आणि तेव्हा कलाकारांच्या संघटनेचे सभासदत्व असल्याचा मला उपयोग झाला. याउलट ठरलेले पैसे ठरलेल्या तारखेला देणारे निर्मातेही मी पाहिले आहेत. महत्त्वाचे कलम आहे ते अनन्यतेचे. वाहिनी आपल्याला दुसरीकडे काम करू देत नाही, आणि त्या कलमात रंगभूमीचा अपवाद स्पष्ट शब्दांत नसेल, तर प्रयोगाच्या प्रत्येक तारखेसाठी परवानगी मागत बसावे लागते.

करोनाच्या काळात या सगळ्याचा अर्थ फार कठोरपणे समोर आला. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहे बंद झाली, नोव्हेंबरमध्ये निम्म्या आसनक्षमतेने उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा सुरू झाली. मालिकांचे चित्रीकरण त्याच्या खूप आधी सुरू झाले होते, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात निर्बंध आल्यावर अनेक मालिकांचे गट राज्याबाहेर जाऊन काम करत होते. मला काम होते. ज्यांच्या सुरावर मी उभी राहिले त्या साथीदारांना, कपडेपट सांभाळणाऱ्यांना, पडदे ओढणाऱ्यांना काहीच नव्हते. आम्ही काहीजण मिळून जमेल तेवढी मदत पाठवत राहिलो. त्या काळात मालिका करत असल्याबद्दल मला कमीपणा वाटला नाही. मालिका नसती तर पाठवायला हाती काही उरलेच नसते.

नाट्यगृहे उघडल्यानंतरच्या प्रयोगांना एक नवा प्रेक्षक येऊ लागला होता. आत्येला पाहायला आलेल्या बायका, त्यांच्या मुली, कधी नातवंडे. माझ्या पहिल्या प्रवेशाला टाळ्या पडत, आणि त्या सुभद्रेसाठी नसत हे उघड होते. त्या टाळ्या थांबेपर्यंत उभे राहायचे आणि मग वाक्य असे उचलायचे की आत्या मागे राहावी आणि द्वारका समोर यावी, हे काम मला नव्याने शिकावे लागले. मालिकेतल्या ऐकण्याच्या सवयीचा इथे उपयोग झाला. पूर्वी कृष्ण गात असताना मी ठरलेल्या जागी उभी असे आणि ठरलेल्या जागी मान वळवत असे. आता मी त्याचे पद खरोखर ऐकते, आणि त्यातल्या कोणत्या शब्दाने सुभद्रेला संशय येतो हे मला दर प्रयोगात नव्याने सापडते. बाई आता प्रयोगाला क्वचितच येतात. एकदा आल्या तेव्हा नंतर रंगपटात म्हणाल्या, ‘अगं, गाणं होतं तसंच आहे, पण तू आता दुसऱ्याच्या पदातही आहेस.’

वयाचा प्रश्न दोन्हीकडे आहे, फक्त त्याची तऱ्हा वेगळी. कॅमेरा डोळ्यांखालची रेघ सोडत नाही, त्यामुळे दूरचित्रवाणीवर मला आता आई, आत्या, मोठी जाऊ अशाच भूमिका येतात आणि त्यांत करण्याजोगे पुष्कळ असते. रंगभूमीवर लांबून, मेकअप आणि आवाज यांच्या बळावर, सुभद्रा आणखी काही वर्षे करता आली असती. पण संस्थेत एक मुलगी आली आहे, आवाज काळी चार या पट्टीत खुला लागतो, गद्य थोडे अडखळते, आणि तिच्या वयाला सुभद्रेचा हट्ट शोभून दिसतो. मी रुक्मिणी घेतली आणि सुभद्रा तिला बसवून देते आहे. तिला एका मालिकेच्या ऑडिशनचे बोलावणेही आले आहे. दे म्हणून सांगितले, आणि करार आला की त्यातली कलमे वाचायला माझ्याकडे घेऊन ये म्हणाले. तिचा पहिला प्रयोग पुढच्या महिन्यात आहे, आणि त्या रविवारी माझे चित्रीकरण लावू नये असे मी निर्मितीकडून आधीच लिहून घेतले आहे.